हाडाशी जुळणारे इम्प्लांट : पदवी कोणती घ्यावी?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली कन्या यंदा बारावी विज्ञान शाखेत असून तिने गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेतले आहेत. आजीचा खुब्याचा सांधा बदलताना, सिमेंट न वापरता हाडच इम्प्लांटला धरून घेईल, असे शल्यविशारदांनी सांगितले. तेव्हापासून याच विषयात काम करण्याचा तिने ध्यास घेतला आहे. डॉक्टर झाल्याशिवाय या क्षेत्रात शिरकाव नाही, असे नातेवाईक म्हणतात, आणि बायोमेडिकल अभियांत्रिकी घ्यावी का, असे आपण विचारता. माझे मत असे, की पदवी धातुशास्त्र व पदार्थ अभियांत्रिकीची घ्यावी आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या वेळी जैवपदार्थांकडे, म्हणजे शरीरात बसवण्याच्या पदार्थांकडे, वळावे.

नातेवाइकांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. टायटॅनियमशी हाड घट्ट जुळते हे स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांच्या १९५२ साली सुरू झालेल्या सशांवरील प्रयोगांत दिसून आले, आणि ब्रोनेमार्क वैद्यकशास्त्राचेच होते. परंतु हाडाशी रासायनिक बंध जोडणारी पहिली काच १९६९ साली फ्लोरिडात तयार करणारे लॅरी हेंच हे सिरॅमिक अभियंते होते. आज या विषयातील पुष्कळसे काम पदार्थवैज्ञानिकांच्या प्रयोगशाळेत चालते.

ते काम कसे असते, हे कन्येला नीट कळावे म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गुळगुळीत झालेल्या पाट्याला जशी टाकी लावावी लागते, तसाच टायटॅनियमचा पृष्ठभाग आधी कणांचा मारा करून आणि मग आम्लात बुडवून खडबडीत केला जातो, म्हणजे हाडाच्या पेशींना तेथे पकड मिळते. कृत्रिम खुब्याच्या, मांडीच्या हाडात बसणाऱ्या दांड्यावर पुष्कळदा याच्याही पुढे जाऊन हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइटचा, म्हणजे हाडातील खनिजाशी मिळत्याजुळत्या कॅल्शियम फॉस्फेटचा, साधारण ५० ते १५० मायक्रॉन जाडीचा थर चढवतात. त्यासाठी त्याची भुकटी दहा हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या प्लाझ्माच्या, म्हणजे विद्युतभारित वायूच्या, झोतातून धातूवर फेकली जाते. कण पुरेसे वितळले नाहीत तर थर चिकटत नाही. फार तापले तर खनिजाचे विघटन होऊन शरीरात लवकर विरघळणारी संयुगे तयार होतात. म्हणून थराची स्फटिकरचना क्ष-किरणांनी तपासायची, तो गोंदाने चिकटवून यंत्रावर ओढून किती ताणाला सुटतो हे मोजायचे, आणि झोताची शक्ती व अंतर बदलून पुन्हा सगळे करायचे. झिर्कोनियासारख्या (झिर्कोनियम ऑक्साइड) सिरॅमिकची अडचण वेगळीच आहे : ते आम्लाला सहजी दाद देत नाही, आणि कणांचा मारा जास्त झाला तर त्याची स्फटिकरचना बदलून सूक्ष्म तडे जातात. मला स्वतःला हा भाग या विषयातील सर्वांत आव्हानात्मक वाटतो.

यात स्फटिकरचना, प्रावस्था (पदार्थाची वेगवेगळी रूपे) आणि भंगशास्त्र (पदार्थ कसा तडकतो याचा अभ्यास) यांचे ज्ञान पावलोपावली लागते, आणि ते धातुशास्त्राच्या पदवीत जितके पक्के होते तितके बायोमेडिकलच्या पदवीत सहसा होत नाही, कारण तेथे इलेक्ट्रॉनिक्स आणि उपकरणांवर भर असतो. धातुशास्त्राची शाखा आयआयटी मुंबई येथे जेईई अ‍ॅडव्हान्स्डद्वारे, नागपूरच्या व्हीएनआयटीत जेईई मेनद्वारे, तर पुण्याच्या सीओईपीत प्रामुख्याने एमएचटी-सीईटीद्वारे मिळते. पुढे गेट ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा देऊन एम.टेक. करावे आणि जमल्यास पीएच.डी. करावी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था आणि कोलकात्याची केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्था येथे या विषयावर काम चालते. रसायनशास्त्रात बी.एस्सी. व एम.एस्सी. करूनही येथे पोहोचता येते.

एक गोष्ट आताच सांगणे माझे कर्तव्य आहे. केवळ पदवीवर या विशिष्ट कामाच्या जागा आपल्याकडे थोड्या आहेत. संशोधनासाठी पदव्युत्तर शिक्षण जवळजवळ अनिवार्य आहे, आणि नवा थर प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत जाण्यास पेशींवरील, प्राण्यांवरील आणि माणसांवरील चाचण्यांमुळे अनेक वर्षे लागतात. मात्र धातुशास्त्राच्या पदवीधराला पोलाद, वाहने, विमानांचे सुटे भाग अशा उद्योगांचे दार उघडे राहते, आणि मधल्या काळात घरची आर्थिक गरज निर्माण झाली तर हा आधार फार मोलाचा ठरतो.

तिला रुग्णावर स्वतः शस्त्रक्रिया करायची असेल, तर मात्र मार्ग एमबीबीएस आणि अस्थिरोगशास्त्राचाच आहे, आणि त्यासाठी नीटची तयारी आताच हवी. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी तिला एवढेच विचारावे, की आजीच्या उपचारातले तिला काय अधिक खुणावते, शस्त्रक्रिया की तो सांधा घडवणे. निर्णय कोणताही झाला तरी जीवशास्त्र सोडू देऊ नये.