डॉक्टर म्हणतात मांजरं घरातून काढा. मांजरं ठेवून ॲलर्जी सांभाळता येते का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. घरात चार वर्षांची दोन मांजरं, आधी शिंका आणि डोळे सुजणं, आता रात्री धाप, तपासणीत मांजराची ॲलर्जी 'तीव्र' निघाली आणि डॉक्टरांनी मांजरं काढायला सांगितलं. मांजरं न काढता जमेल का, असं तुम्ही विचारलंय.

पुष्कळ जणांना जमतं. मलाही जमलं, पण पूर्ण नाही. तीनपैकी एक मांजर मला दुसऱ्या घरी द्यावं लागलं. मी डॉक्टर नाही. जे सांगते ते माझ्या घरातलं आणि माझ्या डॉक्टरांनी समजावलेलं आहे.

मी चिपळूणजवळच्या गावात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यात बहिणीचं घर बुडालं. पाणी ओसरल्यावर चिखल उपसायला गेलो तर माळ्यावर भिजक्या गोणपाटात तीन पिल्लं होती. डोळे नुकते उघडलेले. आई कुठे दिसली नाही. बहिणीला राहायलाच जागा नव्हती, म्हणून मी त्यांना घरी आणलं. दर तीन तासांनी उठून ड्रॉपरने दूध पाजलं. सोनी, चिंगी आणि बंड्या. त्यांच्याबद्दल अजून काही लिहीत नाही, तुम्हाला सांगायची गरज नाही.

2022 च्या पावसाळ्यात शिंका सुरू झाल्या. सगळे म्हणाले, खडूची धूळ. मलाही ते बरं वाटलं, कारण खडू सोडून देणं कोणाच्या जिवावर येत नाही. पण मे महिन्यात शाळा बंद असायची तेव्हा त्रास वाढायचा, आणि जुलैत दारं-खिडक्या बंद झाल्या की अजून. एकदा प्रशिक्षणासाठी दहा दिवस रत्नागिरीला होते, चौथ्या दिवसापासून नाक मोकळं. घरी आले आणि तासाभरात डोळे चुरचुरायला लागले. तेव्हाच मला कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच डॉक्टरांनी 'घरात पाळीव प्राणी आहेत का' विचारल्यावर मी 'नाही' म्हणाले.

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. वर्षभर मी तीन डॉक्टरांना खोटं सांगितलं. त्यांनी दिलेली औषधं त्या खोट्यावर दिलेली होती. मधल्या काळात मेडिकलमधून स्वतःच लेव्होसेटिरिझीन आणि माँटेलुकास्टची एकत्र गोळी आणून खायचे. ही गोळी आपल्याकडे चण्या-फुटाण्यासारखी खपते. त्यातल्या माँटेलुकास्टमुळे काहींची झोप, मन, वागणं बिघडू शकतं, म्हणून 2020 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर सगळ्यात ठळक इशारा छापायला लावला. मला त्या महिन्यांत फार भीतीदायक स्वप्नं पडायची. गोळीमुळेच पडायची की कसं, ते कोण सांगणार, पण गोळी बंद झाल्यावर थांबली. ती वाईटच असं माझं म्हणणं नाही. डॉक्टरांना न विचारता महिनोन्महिने घेऊ नका, एवढंच.

ऑगस्ट 2023 मध्ये एका रात्री बोलता येईना. एका दमात तीन शब्दसुद्धा नाहीत. ओठ निळसर झाले होते, असं हे नंतर म्हणाले. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाफ दिली, इंजेक्शन दिलं. पहाटे डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी सांगून टाकलं, 'तीन मांजरं आहेत, हिच्या उशाशी झोपतात.'

मला वाटलं, आता ओरडतील. ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, 'आधी सांगितलं असतंत तर ही वेळ आली नसती. मांजरांचं नंतर बघू. आधी तुमचा दमा आटोक्यात आणू.' ताई, तुम्हालाही हाच क्रम सांगते. 'ठेवू की देऊ' हा प्रश्न आज रात्री सोडवायचा नाहीये. तुम्हाला रात्री धाप लागते, म्हणजे त्रास नाकातून छातीत उतरलाय. त्यावर उपचार या आठवड्यात सुरू व्हायला हवेत, मांजरं राहोत की जावोत.

मी घाट चढून कराडला जाऊन त्वचेवरची चाचणी केली. हातावर थेंब ठेवून हलकं टोचतात, पंधरा-वीस मिनिटांनी गांधी मोजतात. त्याआधी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर चाचणी खोटी येते. माझी मांजराची गांधी 11 मिलिमीटर आली, धुळीतल्या किड्यांची 5. दुसरा आकडा विसरू नका. आपल्या दमट हवेत गाद्या-उशांमध्ये हे किडे असतातच. तुमच्या अहवालात मांजराशिवाय आणखी काय आलंय ते पाहा. नाहीतर मांजरं जातील आणि दमा तिथेच राहील.

आपल्याकडे म्हणतात, मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो. माझ्या सासूबाईंचंही तेच म्हणणं होतं. केसाचा दोष नसतो. मांजराच्या लाळेत आणि कातडीच्या तेलग्रंथींत एक प्रथिन असतं, त्याला फेल डी वन म्हणतात. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते, तिचे बारीक कण हवेत सुटतात. ते इतके हलके असतात की तासन् तास तरंगत राहतात, आणि इतके चिकट की कपड्यांवरून कुठेही जातात. ज्या घरात कधी मांजर पाळलं नाही तिथेही ते सापडतात. म्हणून 'ॲलर्जी न होणारी जात' सांगून कोणी महागडं पिल्लू विकत असेल तर विश्वास ठेवू नका. प्रथिन कमी-जास्त असतं, पण प्रत्येक मांजरात असतं. नसबंदी न केलेल्या बोक्यात जास्त असतं. आम्ही बंड्याची नसबंदी केली. शेजारच्या बोक्याबरोबरची मारामारीही थांबली.

याच कारणाने एक परीक्षा करू नका. पुष्कळ जण मांजरं आठ दिवस दुसरीकडे ठेवतात, त्रास तसाच राहतो, मग म्हणतात ॲलर्जी मांजराची नाहीच. मांजर गेल्यावरही ते कण गाद्या, पडदे, भिंती यांत कित्येक महिने राहतात. मांजरं घरीच राहू द्या, तुम्ही बाहेर जा. ताजे धुतलेले कपडे घेऊन, जिथे मांजर नाही अशा घरी आठ-दहा दिवस. आणि पीक फ्लो मीटर बरोबर न्या.

हे साधं प्लॅस्टिकचं नळीसारखं यंत्र आहे, औषधांच्या दुकानात मिळतं. जोरात फुंकलं की किती वेगाने हवा बाहेर येते ते दिसतं. दवाखान्यातून आल्यावर माझा आकडा 190 होता, आता 360 ते 380 असतो. मी रोज सकाळ-संध्याकाळ दिनदर्शिकेवर लिहिते. आपला सगळ्यात चांगला आकडा धरून त्याच्या 80 टक्क्यांच्या खाली आलं तर सावध, निम्म्याच्या खाली आलं तर तडक दवाखाना. प्रेमात माणूस स्वतःशी खोटं बोलतो, ते मी करून बसलेय. आकडा खोटं बोलत नाही.

औषधांत मला सगळ्यात जास्त भीती होती ती पंपाची. 'एकदा लागला की सुटत नाही' हे घरोघरी ऐकलेलं. रोज घ्यायच्या पंपात स्टिरॉइडची मात्रा अगदी थोडी असते आणि ती थेट श्वासनलिकेत जाते, सूज उतरवते. घेतल्यावर चूळ भरायची, म्हणजे तोंड येत नाही. नुसता तात्पुरता आराम देणारा निळा पंप ओढत राहणं मात्र धोक्याचं. आत सूज तशीच राहते आणि आपल्याला वाटतं बरं आहे. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी 2019 पासून मोठ्या माणसांना केवळ तो पंप देऊ नका असंच सांगितलंय. नाकासाठी स्टिरॉइडचा फवारा आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून जलनेतीही करते. नळाचं पाणी तसंच वापरायचं नाही.

आता घराचं. सगळे सांगतात, झोपायची खोली मांजरमुक्त ठेवा. मी दार बंद ठेवलं, दीड महिना काही फरक नाही. मग एका रात्री पाठीवर पडल्या पडल्या वर बघितलं. आमचं घर कौलारू. मधल्या भिंती आढ्यापर्यंत जातच नाहीत, वर सगळं मोकळं. माजघरातली हवा वरून माझ्या खोलीत येत होती, आणि त्या भिंतीवर सोनी आरामात बसलेली होती. दाराला कडी लावून काय उपयोग? त्या खोलीला पीव्हीसीचं छत बसवून घेतलं, कोपरे बुजवले. माझ्या मते आम्ही केलेल्या सगळ्या खर्चांत हा सर्वांत उपयोगी. जुनी कापसाची गादी काढली, नवीन गादीला आणि उशांना चेनचं घट्ट कव्हर घातलं. चादरी दर रविवारी गरम पाण्यात. मांजरांजवळ बसलेले कपडे त्या खोलीत येत नाहीत, मी दाराबाहेर बदलते. आठ तास फुप्फुसांना विश्रांती मिळाली की उरलेले सोळा तास सोसतात.

त्यानंतरच हेपा गाळणीचं, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचं, हवा शुद्ध करणारं यंत्र घेतलं. खोली आधी बंद नसेल तर ते विकत घेऊ नका, पैसे वाया जातील. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट किती जाते हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको, म्हणून नुसत्या यंत्रावर विसंबता येत नाही.

केर मी काढत नाही. कोरडी केरसुणी फिरली की सगळं हवेत उडतं. हे ओल्या फडक्याने पुसतात, मांजरांना पडवीत नेऊन तेच विंचरतात. मांजराला आंघोळ घालून बघितली, दोनदा. बिचारी बंड्या आणि सोनी दोन दिवस माझ्याजवळ आली नाहीत, आणि प्रथिन थोड्याच दिवसांत पूर्वीएवढं होतं. सोडून दिलं. कोंबडीच्या अंड्यातली प्रतिपिंडं वापरून मांजराच्या लाळेतलं हे प्रथिन निकामी करणारं खाद्य 2020 मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. त्याने प्रमाण कमी होतं, संपत नाही. मी वापरलेलं नाही. ॲलर्जीची लस तीन ते पाच वर्षं घ्यावी लागते, प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास तिथेच थांबावं लागतं, आणि दमा ताब्यात नसताना ती देत नाहीत. डॉक्टरांना जरूर विचारा. मी अजून सुरू केलेली नाही.

चिंगीबद्दल लिहायचं टाळत होते. सोनी आणि बंड्या पडवीत रमली. चिंगी लहानपणापासून माझ्या गळ्याशी तोंड खुपसून झोपायची. खोलीचं दार बंद झाल्यापासून ती रात्रभर दाराशी ओरडायची. मी कानावर उशी घेऊन रडायचे, आणि दर चार-पाच दिवसांनी एकदा दार उघडायचे. दुसऱ्या दिवशी आकडा 250 वर. तीन महिने असं चाललं. शेवटी बहिणीने तिला नेलं, तिचं घर तोवर नीट झालं होतं. चिंगी जिथे सापडली त्याच घरात परत गेली. पहिले चार दिवस जेवली नाही, आता बहिणीच्या मुलीच्या अंथरुणात झोपते. मी तिला भेटायला जाते, पंप बरोबर घेऊन. मी तिला टाकलं, असं मला बरेच महिने वाटायचं. आता वाटत नाही. ओळखीचं, प्रेमाचं घर शोधून देणं म्हणजे टाकणं नव्हे. पोत्यात घालून मासळीबाजारात सोडून या असा सल्ला मलाही मिळाला होता. तो देणाऱ्यांशी मी त्या विषयावर पुन्हा बोललेले नाही.

सोनी आणि बंड्याबरोबर रोज संध्याकाळी अर्धा तास पडवीत बसते. त्यासाठी एक जुना गाऊन वेगळा ठेवलाय. वारा असतो, हवा खेळती असते. तोंडाला, डोळ्यांना हात लावत नाही, नंतर हात-तोंड साबणाने धुते. पूर्वी दिवसभर ती पायात असायची आणि माझं लक्ष नसायचं. आता अर्धा तास मी फक्त त्यांचीच असते.

तुम्ही औषधं नेमाने घेतलीत, खोली खरोखर बंद केलीत, आणि तरी दोन-तीन महिन्यांनी आकडा वर येत नसेल किंवा रात्री जाग येत असेल, तर मांजरांसाठी दुसरं घर बघायला लागा. आणि बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, पंप घेऊनही पंधरा-वीस मिनिटांत फरक पडत नसेल, ओठ निळे दिसत असतील, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा.

तुमचं घर फ्लॅट आहे की बैठं, खोल्यांना वर छत आहे का, आणि मांजरांची नसबंदी झालीय का, हे लिहिलंत तर खोलीबद्दल अजून नेमकं सांगता येईल.