जुन्या अँप्लिफायरची घूंघूं आणि खरखर: कंडेन्सर बदलण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी १९८४ साली दुबईहून आणलेला जपानी अँप्लिफायर मुलुंडच्या घरी दोन वर्षं बंद पडून होता. आता लावला तर दोन्ही स्पीकरमधून सतत घूंघूं येतं, व्हॉल्युम फिरवला की खरखर होते आणि डावा स्पीकर मधूनच गप्प बसतो. मेकॅनिक म्हणतो, चाळीस वर्षांचा माल आहे, सगळे कंडेन्सर बदलून टाकू. बदलावेत का?

एवढ्यात नको. तुमच्याकडे एक बिघाड नाही, तीन आहेत. त्यातल्या दोघांचा पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कंडेन्सरांशी, म्हणजे वीज साठवून सपाट करणाऱ्या त्या डब्यांशी, बहुधा काही संबंध नाही.

मी मेकॅनिक नाही. गिरगावात राहतो, लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार पायी जाण्याइतका जवळ, त्यामुळे हा नाद लागला आणि पंचवीसेक वर्षं टिकला. तुमचा मेकॅनिक सांगतोय तेच मी एकदा स्वतःच्या हातानं केलंय. माझा अँप्लिफायर असाच घुमत होता. दोन रविवार खर्ची घालून बारा कंडेन्सर बदलले. घूंघूं जशीच्या तशी. पुढं जुलैत एका संध्याकाळी पावसानं आमच्या इमारतीची केबल गेली. सगळे मजले केबलवाल्याच्या नावानं बोंबलत होते आणि माझा अँप्लिफायर मात्र पहिल्यांदाच चिडीचूप! सेट टॉप बॉक्सला येणाऱ्या केबलची बाहेरची जाळी दुसरीकडं कुठंतरी जमिनीला जोडलेली, माझ्या कॉम्प्युटरची अर्थिंग तीन पिनांच्या प्लगातून वेगळीच, आणि दोघांच्या वायरी एकाच अँप्लिफायरात. त्या दोन अर्थिंगांमध्ये जो थोडासा विजेचा फरक असतो, तो ऑडिओच्या वायरीतून वाहत होता. काढलेले कंडेन्सर नंतर मीटरवर मोजले. दोन सोडले तर सगळे ठणठणीत.

म्हणून आधी हे करा. अँप्लिफायर बंद करा, मागच्या इनपुटच्या सगळ्या वायरी काढा. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, कॉम्प्युटर, सगळं. फक्त स्पीकर ठेवा. सिलेक्टर, म्हणजे कुठल्या इनपुटचा आवाज घ्यायचा ते ठरवणारं बटण, ऑक्सवर घ्या. फोनोवर, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटवर, मुळीच ठेवू नका, कारण रेकॉर्डवर टेकणाऱ्या पिनमधून जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्ट येतात, ते वाढवायला बसवलेलं सर्किट उघड्या सॉकेटवरची हवेतली गुणगुणही पकडतं. व्हॉल्युम शून्यावर ठेवून चालू करा.

घूंघूं गेली असेल तर दोष बाहेरचा. एकेक वायर परत लावत जा, चोर सापडेल. टीव्हीची केबल असेल तर तिच्या तोंडाशी बसणारा, तिच्या जाळीचा अर्थिंगशी संबंध तोडणारा छोटा आयसोलेटर मिळतो. मात्र कुणी कितीही सांगितलं तरी अर्थिंगची पिन कापू नका. आवाज जातो खरा, पण उद्या एखाद्या उपकरणाच्या पत्र्यावर वीज उतरली तर तिला जायला तुमच्या हाताचीच वाट उरते.

घूंघूं राहिली तर व्हॉल्युम हळूहळू वाढवा. आवाजही वाढला तर दोष व्हॉल्युमच्या आधीच्या भागात. ढिम्म तेवढाच राहिला तर व्हॉल्युमच्या पुढं, म्हणजे पॉवर सप्लायकडं (घरातली वीज सर्किटाला लागेल तशी करून देणारा भाग). आता कुठं ते दोन मोठे कंडेन्सर संशयित ठरतात. ते सहसा दोन्ही बाजूंना सामाईक असतात, म्हणून त्यांचा दोष दोन्ही स्पीकरांत दिसतो. एकाच बाजूला घूंघूं असती तर मी त्यांच्याकडं पाहिलंही नसतं.

घरात पेटी (हार्मोनियम) असेल तर घूंघूंचा सूर तिच्यावर जुळवून बघा, आणखी एक गंमत. आपली वीज ५० हर्ट्झची. तिची एकाच दिशेनं वाहणारी वीज (डीसी) करणारा रेक्टिफायर तिच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरतो, त्यामुळं कंडेन्सर थकले की जो आवाज गळतो तो १०० हर्ट्झचा, जरा झणझणीत. अर्थिंगच्या किंवा उघड्या वायरीच्या दोषात बहुधा ५० हर्ट्झचा मऊ हुंकार जास्त असतो. सूर दोन्हींचा एकच, फक्त सप्तक वेगळं: पांढरी पाचच्या किंचित वर. आमच्याकडं एक पाहुणे पेटी वाजवणारे होते, ते हा आवाज ऐकून म्हणाले, ‘तुमचा तंबोरा चढलाय.’

स्पीकर काढूनही अँप्लिफायरचा डबाच गुणगुणत असेल तर तो ट्रान्सफॉर्मर. त्याचे बोल्ट आवळून बघा, बाकी सोडून द्या. आणि दुबईहून आलेल्या मशिनांना मागं बरेचदा व्होल्टेजची चकती असते. ती २२० किंवा २४० वर आहे ना, एकदा बघाच.

खरखरीचं उत्तर छोटं आहे. व्हॉल्युमच्या आत कार्बनचा पट्टा असतो, त्यावरून धातूची जीभ फिरते. दोन पावसाळे आणि मुंबईची खारी हवा खाऊन तिथं मळ धरलाय. प्लग काढा, कॉन्टॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा पॉटच्या (व्हॉल्युमच्या बटणामागचा हाच भाग) फटीत मारा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. शिलाई मशीनचं तेल घालणारे महाभाग मी पाहिलेत. चार दिवस मस्त वाटतं, मग त्यावर धूळ चिकटून पॉटच बाद होतो. क्लीनर मारूनही आठवड्यात खरखर परतली तर पॉटवर डीसी झिरपतोय, म्हणजे त्याच्या आधीचा एखादा छोटा कंडेन्सर गळका आहे. तेवढाच बदला.

डाव्या स्पीकरचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं. अँप्लिफायर बंद करून मागं डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी आपसात बदला. आता उजवा गप्प बसायला लागला तर स्पीकर निर्दोष, अँप्लिफायरची डावी बाजू दोषी. मग एक परीक्षा: आवाज गेला असताना व्हॉल्युम जरा वाढवा. खट् होऊन आवाज परतला, आणि पुन्हा हळू केल्यावर काही वेळानं गेला किंवा फाटका येऊ लागला, तर रिले (विजेनं चालणारा छोटा स्विच) धरा. चालू केल्यावर काही सेकंदांनी जी ‘टक’ ऐकू येते ना, तोच हा. स्पीकरना झटका बसू नये म्हणून तो उशिरा जोडतो. त्याचे संपर्क काळे पडले की हळू आवाजाचा क्षीण प्रवाह तो थर भेदू शकत नाही, मोठ्या आवाजाचा भेदतो. एवढंच रहस्य. कॉइलचं व्होल्टेज, पिनांची जागा आणि संपर्कांची क्षमता जुळणारा नवा रिले बसवून घ्या. मेकॅनिकनं पॉलिश पेपर काढला तर हात धरा, त्यानं वरचा चांदीचा थर खरवडून जातो.

पण रिलेवर खर्च करण्याआधी टेप मॉनिटरचं (आवाज कॅसेट डेककडून फिरवून आणणारं) बटण वीसेक वेळा दाबून सोडा, सिलेक्टर गरगर फिरवा, हेडफोनची पिन आत-बाहेर करा. मागं ‘प्री-आउट’ आणि ‘मेन-इन’ असं लिहिलेली सॉकेट जोडणाऱ्या यू आकाराच्या धातूच्या कड्या असतील तर त्या काढून पुसून लावा. सगळा आवाज त्यांच्यातून जातो आणि त्यांना कुणी हात लावत नाही. ओळखीच्या एकाकडं टेप मॉनिटरच दोषी निघालं. कॅसेट डेक विकून पंधरा वर्षं झाली होती.

मोठे कंडेन्सर बदलायची वेळ आलीच तर: डोकं फुगलंय का, बुडाशी गळलंय का बघा. बुडाशी तपकिरी डिंकासारखं दिसलं तर तो बहुतेकदा कारखान्यातला गोंद असतो, गळती नव्हे. (मात्र जुना झाल्यावर तोही पार्ट खातो, खरवडलेला बरा.) नवे घेताना व्होल्टेज कमी चालणार नाही, तापमान १०५ अंशांचं घ्या. स्वतः उघडणार असाल तर प्लग काढल्यावरही त्यांच्यात वीज शिल्लक असते. दहा मिनिटं थांबा, मीटरनं मोजा, उरली असेल तर १०० ओहम पाच वॅटच्या रेझिस्टरमधून उतरवा, स्क्रू ड्रायव्हरनं ठिणग्या काढू नका. काम झाल्यावर पहिल्यांदा सिरीज बल्बवरच लावा, म्हणजे अँप्लिफायरला जाणारी वीज एका बल्बमधून जाऊ द्या. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे. बल्ब जुना तारेचाच हवा, एलईडी इथं निरुपयोगी.

आणि अँप्लिफायरवर क्रोशाचा रुमाल असेल तर काढा. अँप्लिफायरच्या वरच्या पत्र्यातल्या फटी शोभेला नाहीत, गरम हवा तिथून बाहेर पडते.

वायरी सगळ्या काढल्यावर घूंघूं गेली की राहिली, तेवढं खाली कळवा. मेकॅनिकला तोवर थांबायला सांगा.