आजी मागे का सरकली?

प्रिय मनू,

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना तू विचारलंस, "सगळी तयारी आजीने केली, मग मला ओवाळताना ती ओट्याशी जाऊन का उभी राहिली?" गाडीत पाच मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहिते.

आधी औक्षण काय असतं ते बघ. पाट मांडायचा, भोवती रांगोळी काढायची, बसणाऱ्याचं तोंड पूर्वेला करायचं (आपल्याकडे पूर्वेला फ्रिज येतो, इलाज नाही). ताम्हणात तुपाचं निरांजन, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी. कपाळाला कुंकू लावायचं, त्यावर अक्षता टेकवायच्या, थोड्या डोक्यावर टाकायच्या. मग अंगठी आणि सुपारी चेहऱ्याभोवती फिरवायची, मग निरांजनाने ओवाळायचं, शेवटी तोंडात पेढा. भटजी लागत नाहीत, मुहूर्त कोणी बघत नाही. घरातलं एक माणूस पाटावर बसतं, बाकीचे हातातलं काम टाकून त्याच्यासमोर येतात आणि 'औक्षवंत हो' म्हणतात. एरवी आपण एकमेकांकडे इतका वेळ नीट बघतो तरी कुठे? बाबांचा देवावर विश्वास नाही, पण पाटावर बसायला ते कधी नाही म्हणत नाहीत. पेढ्यासाठी, असं त्यांचं म्हणणं.

ओवाळायला निमित्तं पुष्कळ. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, भाऊबीजेला बहीण भावाला, आजीच्या माहेरी बेंदराला बैलांनाही. ताम्हण मात्र बहुतेक वेळा बाईच्याच हातात, आणि मंगलकार्यात ती बाई सवाष्ण हवी, म्हणजे जिचा नवरा हयात आहे अशी. नवरा गेला की बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची, आणि शुभकार्यात तिने पुढे यायचं नाही. तिचा हात लागला तर समोरच्याचं वाईट होईल, अशी ती समजूत.

आजोबा गेल्यावर आजीला आपल्या घरात कोणी असलं काही सांगितलेलं नाही. परवा बाबा दोनदा म्हणाले, "आई, तू ये ना पुढे." पण लहानपणापासून तिने आपल्या आत्याला, काकूला असंच भिंतीला टेकून उभं राहिलेलं पाहिलंय. तिच्या मनात भीती आहे ती तुझ्यासाठी: न जाणो, माझ्यामुळे पोरीला काही झालं तर? तुझ्यावरच्या मायेनेच ती मागे सरकली, आणि मला या रूढीचा सगळ्यात जास्त राग येतो तो इथे. माणसाची मायाच रूढीने त्याच्याविरुद्ध वापरली.

याविरुद्ध आपल्याकडे माणसं फार पूर्वीपासून भांडत आली आहेत. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. त्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. आणि अगदी अलीकडची गोष्ट आजीच्याच मुलखातली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातलं, शिरोळ तालुक्यातलं हेरवाड हे गाव इचलकरंजीहून फार लांब नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की आमच्या गावात बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ग्रामसभेत हात वर करून रूढी मोडता येते, हे मला फार आवडलं. रूढी पाडली माणसांनीच, मग मोडायला वेगळं कोण येणार?

अर्थात ठरावाने मनातली भीती लगेच जात नाही. आजीने ती बातमी पेपरात वाचली होती. मी विचारलं तर म्हणाली, "बरोबर केलं त्यांनी. पण आता या वयात मला कशाला?"

तेव्हा तिला हाताला धरून पाटापुढे ओढू नकोस. चारचौघांत तर नकोच, ती अवघडेल. यंदाच्या भाऊबीजेला तू अद्वैतला ओवाळ, मग तो तुला ओवाळेल, मी त्याला सांगून ठेवलंय (पाटावर नेहमी मुलग्यांनीच का बसायचं, हा तुझा पुढचा प्रश्न असणार, मला माहीत आहे). सुरू करण्याआधी ताम्हण आजीच्या हातात दे आणि म्हण, "आजी, आधी तू." नाही म्हणाली तर तिथेच सोडून दे, पाडव्याला, संक्रांतीला, बाबांच्या वाढदिवसाला पुन्हा विचार. आणि ओवाळलंच तिने, तर ताम्हणात ओवाळणी टाकायला विसरू नकोस. "असू दे गं" म्हणेल, तरी टाक. ओवाळणाऱ्या बाईचा तो हक्क असतो.

तुझी,
आई