नाक चोंदलंय, पण आत शेंबूड नाहीच!

या वेळी आलेल्या पत्रांमधली अर्ध्याहून जास्त पत्रं नाकाची. पावसाळ्यात हे होतंच, पण यातले बरेच जण महिनोन् महिने, काही जण तर वर्षानुवर्षं तोंडाने श्वास घेत झोपतायत आणि त्याची सवय झालीय म्हणून गप्प बसलेत. म्हणून आजचा सगळा कॉलम नाकालाच देतेय.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी डोंबिवलीला राहतो, वय ४१. सहा वर्षांपूर्वी जोरदार सर्दी झाली तेव्हा मेडिकलमधून नाकात घालायचे ड्रॉप्स आणले, दोन मिनिटांत नाक मोकळं! तेव्हापासून बाटली सुटलीच नाही. एक खिशात, एक उशीखाली, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. आधी दोन थेंबांत रात्र निघायची, आता तीन तासांत परत पॅक. मागच्या महिन्यात लोकलमध्ये चढल्यावर लक्षात आलं की बाटली घरीच राहिली, तर ठाण्याला उतरून आधी मेडिकल शोधलं. बायको म्हणते हे व्यसन आहे, आई म्हणते नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करून टाक. काय करू?

उत्तर : दादा, आधी व्यसन हा शब्द मनाला लावून घेऊ नका. तुमच्या डोक्याला त्या औषधाची ओढ लागलेली नाहीये, तुमच्या नाकाच्या आतल्या अस्तराला त्याची सवय झालीय. या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी नक्की सुटते. तुमच्यासारखे पेशंट मी दर आठवड्याला बघते, आणि लाज वाटते म्हणून बाटलीची गोष्ट अगदी शेवटी, दारातून बाहेर जाताना सांगतात. तुम्ही पहिल्याच ओळीत सांगितलीत, बरं केलंत.

आता होतंय काय ते नीट समजून घ्या, कारण ते समजलं की बाटली सोडायचा धीर येतो. नाक चोंदलं म्हणजे आत शेंबूड भरलाय असं आपल्याला वाटतं आणि आपण शिंकरत बसतो, शिंकरून शिंकरून नाक लाल होतं, कान दुखतात, तरी काही बाहेर येत नाही. येणार कुठून, आत काही नसतंच. नाकाच्या बाजूच्या भिंतींना आतून मऊ घड्या असतात, आम्ही त्यांना टर्बिनेट म्हणतो, त्यात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं अगदी स्पंजसारखं. त्यात रक्त भरलं की त्या फुगतात आणि वाट बंद होते. म्हणजे नाक भरलेलं नसतं, सुजलेलं असतं.

तुमच्या ड्रॉप्समध्ये झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असणार, बाटलीवर वाचून बघा. हे औषध त्या रक्तवाहिन्या आवळून धरतं, स्पंज पिळल्यासारखा होतो आणि वाट मोकळी होते. पण सलग बरेच दिवस टाकत राहिलं की औषध उतरल्यावर त्या वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, आणि हळूहळू त्याच डोसला दाद देईनाशा होतात. मग तुम्ही जे नाक मोकळं करायला थेंब टाकताय ते नाक थेंबांनीच चोंदलेलं असतं. म्हणून मी पेशंटला सांगते की हे ड्रॉप्स सर्दीत वाईट नाहीत, रात्रीची झोप मिळते, पण पाच दिवस, सहाव्या दिवशी बाटली कचऱ्यात.

सोडायचं कसं? एकदम दोन्ही बाजू सोडल्या तर पहिल्या रात्रीच माणूस घाबराघुबरा होतो आणि पहाटे परत बाटली उघडतो. मी एक नाकपुडी आधी सोडायला सांगते. समजा उजवीत थेंब पूर्ण बंद, डावीत गरज पडली तर चालू. त्याच दिवसापासून दोन्ही बाजूंना रोज स्टिरॉइडचा नाकातला स्प्रे, फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन, आणि दिवसातून दोनतीनदा मिठाच्या पाण्याचा सलाइन स्प्रे. पहिले चारपाच दिवस खरंच त्रासाचे असतात, उशी उंच घ्या, जमलं तर सुट्टी बघून सुरू करा. साधारण आठवडा-दोन आठवड्यांत उजवी मोकळी राहायला लागते, मग डावी सोडायची. हे जवळच्या कान-नाक-घसा डॉक्टरला दाखवून करा, काहींना पहिले थोडे दिवस गोळ्याही लागतात, आणि जाताना बीपी तपासून घ्या कारण इतकी वर्षं हे औषध घेणाऱ्याचा बीपी मला बघायचाच असतो.

स्टिरॉइड शब्द ऐकून दचकू नका. हे स्प्रे नाकापुरते काम करतात, अंगात फारच थोडं औषध जातं. काचबिंदू असेल तर मात्र डॉक्टरला आधी सांगा. यांचं एक दुखणं आहे, की ते लगेच चालत नाहीत. थेंबांची दोन मिनिटांची सवय लागलेल्या माणसाला दोन आठवडे वाट बघायची म्हणजे शिक्षाच, आणि तिसऱ्या दिवशी काही फरक नाही म्हणून स्प्रे कपाटात जातो. आणि दुसरं, मारायची पद्धत चुकते. डोकं मागे टाकायचं नाही, किंचित पुढे झुकवायचं. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने, टोक त्याच बाजूच्या कानाकडे, दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्याकडे नाही. पडद्यावर रोज फवारा बसला की खपल्या धरतात आणि रक्त येतं. मारल्यावर जोरात ओढू पण नका, घशात कडवट लागलं की समजा ते वाया गेलं.

आता हाडाचं. आईंना सांगा, हाड वाढत नसतं. मधला पडदा थोडाफार वाकडा असणं हे इतकं कॉमन आहे की अगदी सरळ पडदाच क्वचित दिसतो, आणि वाकडा पडदा घेऊन लोक आयुष्यभर आरामात श्वास घेतात. टॉर्च मारून आरशात जो लाल गोळा दिसतो ना, ज्याला लोक मांस वाढलंय म्हणतात, तो बऱ्याचदा फुगलेला टर्बिनेट असतो. ऑपरेशन वाईट नाही, पडदा खरंच खूप वाकडा असेल तर माणूस सुखी होतो. पण ड्रॉप्स चालू असताना तपासलेल्या नाकाचा निर्णय घाईत घेऊ नका. आधी बाटली सोडा, दीडदोन महिने स्प्रे घ्या, मग परत दाखवा. नाहीतर ऑपरेशन होईल, पडदा सरळ होईल, आणि बाटली उशीखालीच राहील.

प्रश्न : मॅडम, मी सावंतवाडीची, वय ३३. सकाळी डोळे उघडायच्या आत शिंका सुरू, पंधरा-वीस तरी सलग, मग दहा वाजेपर्यंत नाक बंद आणि डोळ्यांना खाज. पावसात तर विचारू नका. यूट्यूबवर बघून जलनेती सुरू केली पण नाकात आग आग होते. सासूबाई म्हणतात रोज वाफ घे नाहीतर नाकात तेल सोड, बाळाच्या पण नाकात तेल घाल म्हणजे त्याला सर्दी होणार नाही. बाळ आठ महिन्यांचं आहे.

उत्तर : ताई, आधी बाळाचं, ते सगळ्यात महत्त्वाचं. बाळाच्या नाकात कुठलंच तेल घालू नका. पाणी गेलं तर बाळ खोकतं, ठसकतं, पण तेल गुपचूप श्वासनलिकेतून खाली उतरतं आणि फुफ्फुसात साचून न्यूमोनिया होऊ शकतो. सासूबाई मायेनेच सांगतायत, पिढ्यान् पिढ्या घातलं गेलंय, तरीही नको. कापराची पुरचुंडी पण बाळाच्या गळ्यात बांधू नका, कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. बाळाला सलाइनचे थेंब पुरतात, दूध पाजायच्या थोडं आधी दोन दोन थेंब.

तुमच्या नाकात आग होतेय कारण बहुधा पाण्यात मीठ कमी पडतंय. नुसतं पाणी किंवा कमी खारट पाणी आपल्या आतल्या अस्तराला झोंबतं. प्रमाण सोपं आहे, अर्धा लिटर पाण्याला एक सपाट छोटा चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम मीठ, शक्यतो आयोडीन नसलेलं. पाणी कोमट.

आणि पाणी उकळून गार केलेलंच. नळाचं नाही, विहिरीचं तर अजिबात नाही, फिल्टरचं असलं तरी उकळा. हे मी उगाच सांगत नाहीये. २०११ मध्ये अमेरिकेत लुइझियाना राज्यात दोन माणसं साधं नळाचं पाणी नेतीच्या भांड्यात वापरल्यामुळे दगावली, पाण्यातला नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा नाकातून मेंदूपर्यंत गेला. तेच पाणी प्यायलं तर हा अमीबा काही करत नाही, नाकातून वर गेला तरच घात होतो. फार क्वचित होतं, पण झालं तर माणूस बहुतेक वाचत नाही, आणि टाळायला फक्त एक मिनिट खळखळून उकळायचंय. भांडं रोज धुऊन कोरडं करा. नेती झाल्यावर पुढे वाकून दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हळूच फुंका, एक बाजू दाबून जोरात नको, पाणी कानाकडे जातं. नाक पूर्ण बंद असेल किंवा कान दुखत असेल त्या दिवशी नेती नको.

वाफेचं सांगते. बामची किंवा ओव्याची वाफ घेतली की गार गार वाटतं आणि नाक उघडल्याचा भास होतो. मेन्थॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या नसांना जागं करतं, त्यामुळे हवा जास्त येतेय असं वाटतं, सूज तेवढीच राहते. बरं वाटतं तर घ्या, बरं वाटणं ही पण गोष्ट आहे! पण घरात रांगतं बाळ आहे, उकळत्या पाण्याचं पातेलं जमिनीवर ठेवून डोक्यावर टॉवेल घेऊन बसू नका. भाजलेली लेकरं मी बघितलीत, विसरता येत नाहीत. त्यापेक्षा ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगा.

पण तुमचा खरा आजार अॅलर्जी दिसतोय. सकाळच्या शिंका, खाज, पावसात वाढणं, यावरून मी आधी गादी-उशी आणि भिंतीची ओल बघेन. गादीत, उशीत, गोधडीत धुळीतले अगदी बारीक किडे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या कातडीचे झडलेले कण खातात आणि दमट हवेत भराभरा वाढतात. कोकणात चार महिने गोधडी वाळतच नाही, त्यांना अजून काय पाहिजे? चादरी, उशीचे अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा. ऊन पडलं की गादी बाहेर, झटकून आणा, झटकायचं काम तुम्ही करू नका. कपाटामागची काळी बुरशी पुसून घ्या, डासांची कॉइल आणि उदबत्ती बेडरूममध्ये नको. आणि वर सांगितलेला स्टिरॉइडचा स्प्रे डॉक्टरला विचारून रोज, शिंका येतील त्या दिवशी नाही, रोज. बाळाला पाजताय हे मात्र त्यांना आवर्जून सांगा.

प्रश्न : वय ५८, सातारा. ज्या कुशीवर झोपतो ती नाकपुडी बंद, कूस बदलली की दुसरी. हा काही आजार आहे का? बीपीची गोळी चालू आहे, मधे मधे सर्दीची गोळी घेतो.

उत्तर : काका, हे बहुतेकांना होतं. दोन्ही नाकपुड्या बहुतेक वेळा एकसारख्या चालत नाहीत, काही तासांनी पाळी बदलते, एक फुगते, दुसरी मोकळी होते. जर्मन डॉक्टर कायझर यांनी १८९५ मध्ये हे लिहून ठेवलं, आणि आपल्याकडे योगातले चंद्रस्वर-सूर्यस्वर म्हणजे याचंच फार जुनं निरीक्षण. आडवं झाल्यावर खालच्या बाजूला रक्त जास्त उतरतं म्हणून ती बंद होते. डोक्याकडची बाजू थोडी उंच करा.

सर्दीच्या गोळीचं मात्र बघा. नाक मोकळं करायला त्यात बहुतेक वेळा फिनाइलएफ्रिन असतं, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सांगितलं की ते तोंडाने घेतल्यावर नाकावर काहीच उपयोग होत नाही. बीपीवाल्याने तर ते स्वतःहून घेऊच नये, आणि लघवीला अडखळत असेल तर नक्कीच नको. आणि काका, एकच बाजू कायम बंद, कूस बदलली तरी उघडत नाही, किंवा त्या बाजूने रक्त येतंय असं कधी झालं तर वाट न बघता दाखवा. वास येईनासा झाला तरीही.

प्रश्न : मी नाशिकहून लिहितेय, माझा नातू सहा वर्षांचा. रात्री तोंड उघडं टाकून झोपतो आणि मोठ्या माणसासारखा घोरतो. मधेच श्वास थांबल्यासारखा वाटतो, मी उठून बसते. सून म्हणते मोठा झाला की जाईल. टीव्हीचा आवाजही वाढवतो हल्ली.

उत्तर : आजी, तुम्ही उठून बसता ते बरोबरच आहे. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर अॅडेनॉइड नावाची गाठ असते, या वयात ती मोठी असते आणि पुढे आपोआप लहान होते, त्यामुळे सूनबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. नुसतं घोरणं असतं तर मीही थोडं थांबा म्हटलं असतं. पण श्वास अडकणं आणि टीव्हीचा आवाज वाढवणं, या दोन गोष्टींनी मला थांबायचं नाहीये. या गाठीमुळे कानाची नळी बंद होते, कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, ऐकू कमी येतं, आणि शाळेत बाई म्हणतात लक्ष देत नाही. झोप मोडते म्हणून पोर दिवसा चिडचिड करतं. सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही, काहींचं स्प्रेने भागतं, पण तपासायला हवं, कानासकट.

नाकातून एकाच बाजूने घाण वासाचं पाणी येत असेल तर तेही सांगा, मुलं वाटाणा, मणी, खडू काहीही कोंबतात. घड्याळाचा छोटा सेल असेल तर त्याच तासाला दवाखान्यात, तो आतून भाजत जातो.

आणि डॉक्टरकडे नेताना एक करा. आज रात्री तो झोपला की सूनबाईंच्या मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, अंगावरचं पांघरूण बाजूला करून, छाती दिसेल असा, आवाजासकट. दिवसा दवाखान्यात मूल छान हसत खेळत असतं, रात्री तुम्ही काय बघता ते आम्हाला त्या व्हिडिओतच दिसतं.