‘मॅडम, हे व्यसन म्हणायचं का?’

अकरावी-बारावीच्या मुलांचे आईवडील हल्ली हा प्रश्न घेऊन येतात. भांडुपहून आलेल्या एका आईने तर पिशवीतून एनर्जी ड्रिंकच्या सात रिकाम्या बाटल्या काढून माझ्या टेबलावर मांडल्या. मुलाच्या पलंगाखाली सापडलेल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्स, प्रवेश परीक्षेचा क्लास दादरला. हात थरथरतात, छातीत धडधडतं, घरात सगळ्यांवर खेकसतो. वडिलांनी चिडून एका दिवसात सगळं बंद केलं, तर दुसऱ्या दिवशी डोकं इतकं ठणकलं की क्लासची टेस्ट अर्धी टाकून घरी आला. “याच्याशिवाय त्याचं चालतच नाही हो,” सांगताना आईचा आवाज कापत होता.

धडधडीसाठी आधी फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं. ईसीजी नॉर्मल आला, मगच पुढचं बोललो.

मुलाला एकट्याला विचारलं, “दिवसभरात काय काय पितोस? चहासकट सांग.” घरी चहा, कॉलेजबाहेर कटिंग, क्लासला जाताना एक बाटली, नऊला सुटल्यावर स्टेशनबाहेर दुसरी, रात्री अकराला मगभर कॉफी. “कॉफी कोण करतं?”

“आई.”

आईला हे विचारलं तेव्हा ती कितीतरी वेळ पदराशी चाळा करत बसली. “जागतोय बिचारा, म्हणून मीच देते.” तिला दोष देण्यात काहीच अर्थ नव्हता. आपल्याकडे कॉफीला कोणी मोजतच नाही.

मग तिघांनी मिळून हिशोब केला. आपल्या नियमांप्रमाणे अशा पेयात लिटरमागे जास्तीत जास्त 300 मिलिग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे 250 मिलीच्या बाटलीत 75 पर्यंत. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये मुलांसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे 3 मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली. याचं वजन 50 किलो, म्हणजे 150. दोन बाटल्यांतच ती गाठली जात होती. लहान मुलांनी हे पिऊ नये असं बाटलीवर छापलेलं असतं. ते त्यानेच मला वाचून दाखवलं.

त्याला पटलं ते मात्र लोकलच्या उदाहरणाने. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचतं, त्यामुळे झोप येते. कॅफिन त्याच्या जागेवर रुमाल टाकून ठेवतं. प्रवासी उभेच असतात, गर्दी वाढतच असते. रुमाल उचलला की सगळे एकदम बसतात. आणि अकराच्या कॉफीतलं साधारण निम्मं कॅफिन पहाटे चारलाही अंगात असतं. सहाला उठणाऱ्याला झोप मिळणार कधी?

याला मी व्यसन म्हटलं नाही. शरीराला सवय लागली होती. एकदम तोडल्यावर डोकं दुखतं, ते दोन ते नऊ दिवसांत ओसरतं, म्हणून आम्ही हळूहळू कमी केलं. पहिल्या आठवड्यात रात्रीची कॉफी गेली, पुढच्या आठवड्यात नऊची बाटली. त्यानंतर चारनंतर काहीच नाही. वडिलांना एकच विनंती केली, दप्तर तपासू नका.

खरी गाठ वेळापत्रकाची होती. घरी पोचायला साडेदहा, त्यावर दोनपर्यंत अभ्यास. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, त्याला जेमतेम चार मिळत होती. आठवड्यातल्या दोन जादा बॅच सोडायच्या ठरल्या. वडील त्याला महिनाभर तयार नव्हते, फी भरलेली होती. शेवटी एक सुटली.

आता तो साडेअकराला झोपतो. टेस्टच्या दिवशी सकाळी अजून एक बाटली घेतो. मला सांगून घेतो.