पानावर अक्षरांऐवजी आकडे का उमटतात?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाची पुस्तकयादी बरीच वर्षे संकेतस्थळावर आहे. अलीकडे संकेतस्थळाचे रूप बदलले आणि तेव्हापासून जुन्या नोंदींमध्ये ‘मराठी’ या शब्दाच्या जागी &#2350;&#2352;&#2366;&#2336;&#2368; असे दिसू लागले. नव्या नोंदी मात्र व्यवस्थित दिसतात. काम करणाऱ्यांच्या मते जुना डेटा खराब झाला असून सर्व नोंदी पुन्हा टंकाव्या लागतील. दुसरा उपाय नाही का?
— एक ग्रंथपाल, सांगली जिल्हा

उत्तर : कृपया इतक्यात काहीही पुन्हा टंकायला घेऊ नका. तुमचा डेटा खराब झालेला नाही. तो केवळ सांकेतिक रूपात साठवला गेला आहे, आणि ते रूप अक्षरन् अक्षर उलगडता येते.

युनिकोड या जागतिक अक्षरसूचीत प्रत्येक अक्षरचिन्हाला स्वतःचा क्रमांक असतो. ‘म’चा 2350, ‘र’चा 2352, काना 2366, ‘ठ’ 2336 आणि दीर्घ वेलांटी 2368. देवनागरीचा हा गट १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून युनिकोडमध्ये आहे. वेबपानाच्या भाषेत & आणि # या चिन्हांनंतर क्रमांक आणि शेवटी अर्धविराम लिहिला की ब्राउझर त्या जागी ते अक्षर दाखवतो. (हे आकडे इंग्रजीच असावे लागतात; देवनागरी आकडे घातल्यास ब्राउझर संकेत ओळखत नाही.)

आता हे संकेत तुमच्या नोंदींत आले कुठून, ते पाहू. तुमच्या जुन्या फॉर्मचे पान बहुधा पश्चिम युरोपीय भाषांसाठी केलेल्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, असावे. त्या एन्कोडिंगमध्ये ‘म’ला जागाच नाही. अशा पानावरच्या चौकटीत कोणी देवनागरी टंकले, तर ब्राउझर ते अक्षर टाकून देत नाही, तर त्याचा क्रमांक वर सांगितलेल्या रूपात सर्व्हरकडे पाठवतो, आणि डेटाबेसमध्ये तेच साठते. जुने पान हा मजकूर जसाच्या तसा छापत असे, त्यामुळे वाचणाऱ्याचा ब्राउझर तो उलगडून ‘मराठी’ दाखवी आणि आत काय साठले आहे याचा कोणाला पत्ताही लागत नसे. शोधसुद्धा चालत असे, कारण शोधायचा शब्दही त्याच रूपात जात असे.

नवे संकेतस्थळ युनिकोडमधील सर्व अक्षरे सामावणाऱ्या यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये आहे आणि मजकूर छापण्यापूर्वी त्यातील & चे &#38; करून घेते (38 हा & चा क्रमांक). ही त्याची चूक नव्हे. असेच करायला हवे. परंतु त्यामुळे &#2350; चे &#38;#2350; होते. ब्राउझर एकदाच उलगडतो, म्हणजे &#38; चा & करतो आणि थांबतो. पानावर उरतो तो &#2350; हा उघडावाघडा संकेत.

येथे एका सोप्या वाटणाऱ्या उपायापासून मी तुम्हाला आग्रहाने परावृत्त करतो. नव्या पानाची ही रूपांतराची सोय बंद केली की जुन्या नोंदी तत्काळ नीट दिसतील, आणि कोणीतरी तुम्हाला हे सुचवेलही. पण मग वाचकांनी अभिप्रायात लिहिलेले < हे चिन्हही ब्राउझर आज्ञेची सुरुवात म्हणून वाचेल, आणि एखाद्याने अभिप्रायाच्या जागी प्रोग्रॅमच लिहिला तर तो ते पान उघडणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या ब्राउझरमध्ये चालेल. काही नोंदी वाचवण्यासाठी वाचनालयाचे दार असे सताड उघडे टाकू नये.

योग्य दुरुस्ती डेटाबेसमध्ये करायची आहे. प्रथम संपूर्ण प्रत काढून वेगळी ठेवावी. मग एक छोटा प्रोग्रॅम लिहून घेऊन जुन्या नोंदींमधील 2304 ते 2431 या क्रमांकांचे, म्हणजे देवनागरी गटाचे, संकेत आणि त्यांच्याबरोबर 8204 व 8205 हे जोडाक्षरांचे रूप ठरवणाऱ्या दोन अदृश्य चिन्हांचे संकेत मूळ अक्षरांत बदलून घ्यावेत. बाकी संकेतांना हात लावू नये, कारण &#60; (म्हणजे <) सारखा संकेत कोणी जाणूनबुजून लिहिलेला असू शकतो. हे काम एखाद्या जाणकाराला फार तर एका दुपारचे आहे.

काही नोंदी मात्र हाताने दुरुस्त कराव्या लागतील. या रूपात एका चिन्हाला सात जागा लागतात. ‘मराठी’ या एका शब्दाने पस्तीस जागा घेतल्या. शीर्षकाच्या रकान्याला शंभर जागांची मर्यादा असेल, तर चौदा चिन्हांतच अठ्ठ्याण्णव जागा संपतात आणि पुढच्या चिन्हाचा &# एवढाच तुकडा आत शिरतो. ज्या नोंदींच्या शेवटी असा अर्धवट संकेत सापडेल, त्यांची शीर्षके दाखल नोंदवहीतून पाहून पूर्ण करावीत. दोन संकेतांच्या बरोबर मध्ये तुटलेले शीर्षक असे सापडणार नाही. म्हणून रकान्याच्या मर्यादेला टेकलेल्या सर्वच नोंदी एकदा नजरेखालून घालाव्यात.

प्रश्न : मजकुरातील विशेष चिन्हे बदलण्यासाठी मी एक फंक्शन लिहिले. ते आधी < चे &#60; करते आणि मग & चे &#38; करते. पानावर < ऐवजी &#60; असेच दिसते. चूक कोठे आहे?
— संगणकशास्त्राची एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : चूक क्रमात आहे. पहिल्या टप्प्यात तुम्ही स्वतः तयार केलेल्या संकेतातला & दुसऱ्या टप्प्याने पुन्हा बदलला. सांकेतिक रूप देताना & सर्वांत आधी बदलावा आणि उलगडताना सर्वांत शेवटी. फंक्शन मात्र स्वतः लिहू नये. प्रत्येक प्रचलित प्रोग्रॅमिंग भाषेत ते तयार मिळते आणि ते पुष्कळ पारखलेले असते.

प्रश्न : आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या लेखात ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ असे लिहिले होते. संकेतस्थळावर ते ‘सह्याद्रीच्या दर्या’ झाले. टंकलेखन बरोबर असताना असे का व्हावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो, कारण डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होणे, किंवा आचाऱ्यास दिलेले पैसे आचार्यास दिल्याचे छापले जाणे, ही आपल्या भाषेची खरी हानी आहे. तुमच्या कीबोर्डाने हा ‘ऱ्य’ लिहिताना र आणि हलन्त यांच्यानंतर 8205 क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह घातले असावे. पुष्कळ संकेतस्थळे मजकूर स्वच्छ करताना अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून काढून टाकतात. ते जोडचिन्ह गेले की उरलेल्या र, हलन्त आणि य यांचा रफार होतो.

संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांना ही गाळणी बदलायला सांगावे. मराठीला 8204 आणि 8205 ही दोन्ही चिन्हे लागतात. तोवर नुक्ता (खाली टिंब) असलेला ऱ, क्रमांक 2353, आणि त्यापुढे हलन्त असे टंकावे. युनिकोडच्या नियमांप्रमाणे हाच मुख्य मार्ग आहे आणि त्यात कोणतेही अदृश्य चिन्ह नसल्यामुळे गाळणीत काही गळत नाही. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसली तरी संगणकाला वेगळी असतात, म्हणून मंडळाच्या सर्व लेखांत एकच रूप ठेवावे. नाहीतर ‘दऱ्या’ असा शोध घेणाऱ्यास निम्मे लेख सापडणार नाहीत.