पोर्चचा दिवा लावायचं वय

अनेक आशीर्वाद.

तुझी लेक आत्ता तीन वर्षांची. हॅलोवीन, म्हणजे अमेरिकेत मुलं वेषांतर करून दारोदार कँडी मागत फिरतात ती संध्याकाळ, तुझ्यासाठी ड्रेस, कँडीची बादली आणि फोटो एवढीच. दहा-बारा वर्षांत यातलं जवळजवळ सगळं तुझ्या हातून जाईल. काम मात्र संपत नाही, ते रस्त्यावरून दारात येतं. म्हणून पुढचंही आत्ताच लिहून ठेवते.

आधी यंदाचं. ड्रेस एक माप मोठा घे. न्यू जर्सीत ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी गारठा असतो, आतून गरम कपडे घालावे लागतात. वरून जाकीट घातलंस तर ड्रेस झाकला जातो आणि रडारड ठरलेली. घेर घोट्याच्या वरच हवा. मुखवट्यातून बाजूचं दिसत नाही, त्यापेक्षा चेहरा रंगव. शेंगदाणे, टणक गोळ्या, च्युइंगम या वयात नकोच, घशात अडकतात. तुम्ही शाकाहारी, तर हेही बघ: गमी बेअर आणि कँडी कॉर्नमध्ये जिलेटिन असतं, स्निकर्समध्ये अंड्याचा पांढरा भाग. अदलाबदलीसाठी चालणाऱ्या चॉकलेटांचा डबा आधीच भरून ठेव. बादली घरी आल्यावर नुसतं काढून घेतलंस तर ती जप्ती वाटते.

खरी कसोटी बारा-तेराव्या वर्षी. तेव्हा तिला मैत्रिणींबरोबर जायचं असेल, तुझ्याशिवाय. कँडीत कोणी विष घालेल ही भीती फार जुनी; पण टेक्सासमधल्या १९७४ च्या गाजलेल्या प्रकरणात विष घालणारा मुलाचा सख्खा बाप होता, कोणी अनोळखी नव्हे. घाबरायचंच तर गाड्यांना घाबर. १९७५ ते २०१६ च्या अपघातांच्या एका अभ्यासात हॅलोवीनच्या संध्याकाळी पादचारी दगावण्याचा धोका आसपासच्या आठवड्यांतल्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त आढळला. म्हणून गल्ल्या आणि परतायची वेळ आधी ठरवा, रस्ता कोपऱ्यावरच ओलांडायचा, पाठीवर चमकणारी पट्टी, पोटात आधी वरण-भात. आणि गाडी घेऊन तिच्या मागे हळूहळू फिरू नकोस. अंधारात आणखी एक गाडी म्हणजे इतरांच्या मुलांना आणखी एक धोका. काही गावांत वयाची मर्यादाही असते. व्हर्जिनियातल्या चेसापीकमध्ये २०१९ पर्यंत बारा वर्षांवरच्यांनी कँडी मागत फिरणं कायद्यानं गुन्हा होता! आपल्या गावाचा नियम नगरपालिकेकडे विचारून घे.

मग तुझी चाळिशी-पन्नाशी. डोळ्यातली बाहुली कमी उजेडात पूर्वीइतकी मोठी होत नाही, आणि काळ्या कपड्यांतलं पोर उशिरा दिसतं. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा त्या दिवशी पाचच्या आत घरी ये. पोर्चचा दिवा लावला की 'या', मालवला की 'इथे नाही', एवढी खूण सगळी पोरं ओळखतात. नवीन गल्लीत किती मुलं येतात ते शेजाऱ्यांना विचारून माणशी दोन नग धर. वाडगा बाहेर ठेवून आत बसलीस तर पहिलीच टोळी तो रिकामा करते, हातानं दे. दाण्याची ॲलर्जी असलेल्यांसाठी वेगळ्या भांड्यात पेन्सिली, स्टिकर ठेव आणि दाराशी हिरवट-निळा भोपळा. त्याचा अर्थ, इथे खाऊशिवायही काही मिळतं, आता बऱ्याच पालकांना कळतो. आठनंतर मिशा फुटलेली पोरं येतील, ड्रेसही धड नसेल. वय विचारू नकोस, कँडी दे. त्या वयातल्या पोरांनी रात्री कँडी मागत फिरावं, हे मला तरी बरंच वाटतं.

दिवाळी अगदी जवळ आली, म्हणजे २०२४ सारखी, तर उंबऱ्यातल्या पणत्या त्या संध्याकाळी खिडकीत हलव. लोळत्या पॉलिएस्टरच्या झग्याला आग लागायला क्षण पुरतो. दारात एलईडीच्या पणत्या चालतील. रांगोळी पायरीच्या एका बाजूला काढ, मधोमध काढलीस तर तुडवली जाईल.

दाराशी ठेवायचा कोरीव भोपळा पंचवीस तारखेच्या आधी कोरू नकोस, ऊब राहिली तर आठवड्यात बुरशी धरतो. झाकण वरून न कापता मागून किंवा तळातून काप, म्हणजे सुकल्यावर आत धसत नाही. न कोरलेला मात्र कोरड्या, थंड जागी महिनाभर सहज टिकतो, आणि मुलं मोठी झालेल्या घरात तेवढा एक पुरतो. ड्रेस १ नोव्हेंबरला निम्म्या किमतीत मिळतात. तुला अजून काही वर्षं लागणार आहेत, पुढचं माप तेव्हाच घेऊन ठेव.